बँक नव्यानं बांधायची झाली तर? (कोल्हापूरकरांनो, जरा इकडं या)

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी धंद्यानं स्क्रीन काढणारा माणूस. ॲपमध्ये कुठलं बटण कुठं असावं आणि दाबल्यावर काय व्हावं हे ठरवायचं, एवढंच माझं काम. गेल्या महिन्यात आपल्या शहरातल्या एका नागरी सहकारी बँकेनं (नाव घेत नाही, संचालकांपैकी एकदोघं इथं वाचनमात्र असायची शक्यता आहे) बोलावून घेतलं. "आम्हाला डिजिटल व्हायचंय, ग्राहक मध्यभागी ठेवून. आराखडा द्या." चहा आला, बिस्किटं आली. मग एका संचालकांनी स्वतःचा फोन काढून दुसऱ्याच एका बँकेचं ॲप दाखवलं आणि म्हणाले, "हे असंच. फक्त आपल्या रंगात."

बरं म्हणून आलो. आठ दिवस रेघोट्या ओढल्या. नवव्या दिवशी वडणग्याला आत्तीकडं गेलो आणि सगळे कागद वाया गेले.

आत्तीच्या दोन म्हशी. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल तिच्या खात्यावर पडतं. खातं तिचं, आधार कार्ड तिचं, म्हशीच्या धारा तिच्या. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मात्र थोरल्या पोराचा, आणि पोरगा हिंजवडीत. मी गेलो तेव्हा धाकटी सून स्वतःच्या फोनवर आत्तीचं कार्ड घालून लाइट बिल भरत होती. ओटीपी गेला पुण्याला. आत्तीनं पडवीतनं फोन लावला.

"आला का रं नंबर?"

"आई, मीटिंगमध्ये आहे. लिहून घे. एट फोर टू सेवन..."

"मराठीत सांग की."

तो म्हणाला चौऱ्याऐंशी सत्तावीस. हिनं तेच मोठ्यानं आत सांगितलं. सुनेनं अठ्ठेचाळीस लिहिलं. दूध घालून परत निघालेला शेजारचा पोरगा उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "चौऱ्याऐंशी ओ वहिनी, आठ नि चार." तवर वेळ संपली. दुसरा ओटीपी. पोरानं फोन उचलला नाही. तिसऱ्याला बिल भरलं गेलं. हा सगळा खेळ ज्या भिंतीखाली चालला होता तिथं त्याच बँकेचं कॅलेंडर, आणि त्यावर ठळक अक्षरात: 'ओटीपी कुणालाही सांगू नका.'

सांगितल्याशिवाय या घरात लाइट बिल भरता येत नाही. माझ्या आराखड्यात ही पडवी कुठंच नव्हती.

तर प्रश्न असा. फीचर सुचवू नका, ते मी रोज ऐकतो. बँकेत तुमचं शेवटचं कुठं अडलं होतं आणि तेव्हा काय केलंत, ते सांगा.

मिसळ_कटजादा

पयला!

भावा, मी चार वर्षांत बँकेची पायरी चढलेलो नाही. कॉलेज, रूमचं भाडं, मिसळ, पेट्रोल, सगळं क्यूआरवर. अडलं म्हणशील तर एकदाच अडलं, पासबुकाचं पहिलं पान मागितलं होतं शिष्यवृत्तीला, तेव्हा कळलं मला पासबुकच नाही. माझं मत विचारशील तर शाखा बंद करा, भाडं वाचवा, व्याज वाढवून द्या.

आणि आत्तीचं म्हणशील तर नंबर बदलून टाक तिचा. विषय संपला. एका फॉर्मचं काम हाय.

पंचगंगाकाठ

@मिसळ_कटजादा, गेलो होतो की तिला घेऊन. फॉर्म इंग्रजीत. तो मी भरला, तिनं सही केली, खिडकीतनं उत्तर आलं, "सही जुळत नाही." खातं उघडलं तेव्हा ती चाळिशीत होती, आता हात कापतो. परत केली, परत नाही जुळली. मागं रांगेतले लोक चुळबुळायला लागले तशी आत्ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, पोराचाच नंबर बरा हाय."

शिवाय तिचा स्वतःचा फोन म्हणजे घरात चार्जिंगला लावलेला साधा फोन. ज्याचा हात पोचेल तो उचलतो.

भाऊसाहेब_पेठकर

कोल्हापुरात बँक कशाला हवी? तालमीत भिशी लावा, हप्ता चुकवणाऱ्याला आखाड्यात उतरवा. वसुली शंभर टक्के. (ह. घ्या.)

उद्यमनगर_लेथ

@भाऊसाहेब, दुपारी एक ते चार तुमची झोप झाली असेल तर पुढं बोलतो.

माझं छोटं मशीन शॉप आहे, कास्टिंगवर काम. माझं अडतं ते असं. आमची सुट्टी सोमवारी. रविवारी माझा कारखाना चालू आणि बँक बंद. आता एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून दिवसरात्र चालतं, त्यामुळं पैसे पाठवायचं दुखणं गेलं, ते मान्य करतो. पण सीसीचं, म्हणजे मालाच्या साठ्यावर मिळणाऱ्या कॅश क्रेडिट कर्जाचं काय? दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट कागदावर न्यायचं. दर वर्षी रिन्यूअलला तीच कागदं: शॉप ॲक्ट, भाडेकरार, तीन वर्षांचं ताळेबंद, जामीनदाराचा फोटो. जामीनदार माझा मेहुणा, त्याचे बारा वर्षांत बारा फोटो दिलेत, म्हातारा होत गेलेला दिसतो ओळीनं लावले तर.

मॅनेजर बदलला की पहिल्यापासून ओळख. "तुम्ही काय बनवता?" अरे साहेब, तुमच्याच बँकेत बारा वर्षांची माझी उलाढाल पडून आहे, ती उघडून बघा की. बँकेला सगळं माहीत असतं, पण खुर्चीवरच्या माणसाला काही माहीत नसतं.

गुजरीतली_लेक

उद्यमनगर, शेवटच्या वाक्याला +१.

निवृत्त_कॅशियर

३४ वर्षं खिडकीच्या आत काढली, म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

सही जुळवणं हा कुणाच्या अंगातला खोडसाळपणा नाही. खोट्या सहीवर पैसे गेले तर ते देणाऱ्याच्या पगारातून वसूल होतात अशी भीती नोकरीच्या पहिल्या आठवड्यात डोक्यात घातलेली असते. ऑडिटर येतो तो चुकीचा दिलेला पैसा शोधतो. परत पाठवलेल्या म्हातारीची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. त्यामुळं 'नाही' म्हणणं कायम स्वस्त. तुमचं नवं ॲप याच पायावर उभं केलंत तर तेही 'नाही'च म्हणणार, फक्त जास्त वेगानं.

आता ओटीपीचं. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये नियम केला. खात्यातनं तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले, चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेनं ती रक्कम खात्यावर तात्पुरती जमा दाखवायची असते. नियम चांगला आहे. पण ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला असेल तर तो तुमचा निष्काळजीपणा, आणि कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. धागाकर्त्याच्या आत्ती रोज पडवीतनं मोठ्यानं नंबर सांगतात. उद्या काही झालं तर कॅलेंडराकडं बोट दाखवलं जाईल.

कागदाच्या काळात याला उत्तर होतं. मॅंडेट द्यायचो आम्ही. खातेदार लिहून देई की माझ्या वतीनं अमुक माणूस व्यवहार करेल. त्याची वेगळी सही, वेगळी नोंद, पाहिजे तेव्हा रद्द. आपल्यातला आपला माणूस मदत करतो हे बँकेला मान्य होतं. मोबाइल आल्यावर आपण असं गृहीत धरलं की प्रत्येक माणूस एकटा आहे, त्याच्या हातात त्याचा फोन आहे आणि त्याला इंग्रजी येतं.

पंचगंगाकाठ

काका, दंडवत. 'मॅंडेट' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. याचाच मोबाइलमधला अवतार काढून बघतो. खात्याला एक मदतनीस जोडायचा. तो स्वतःच्या फोनवरनं, स्वतःच्या पिननं काम करणार. लाइट बिल, गॅस, पशुखाद्याचं दुकान, एवढ्याच ठरलेल्या ठिकाणी पैसे जाणार, महिन्याला ठरलेल्या रकमेपर्यंत. प्रत्येक व्यवहारामागं मदतनिसाचं नाव. आत्तीला साध्या फोनवर मराठीत आवाजी कॉल: "तुमच्या सुनेनं लाइट बिलाचे सातशे चाळीस रुपये भरले. बरोबर असेल तर एक दाबा." साध्या फोनवरनं यूपीआय करायची सोय मार्च २०२२ पासून आहेच, म्हणजे वायर ओढलेली आहे, बल्ब लावायचा राहिलाय.

सर्व्हर_डाऊन

मी वायर ओढणाऱ्यांपैकी. छोट्या बँकांची कोअर प्रणाली (खात्यांचा सगळा हिशोब ठेवणारी मूळ यंत्रणा) सांभाळणाऱ्या कंपनीत आहे, म्हणून थोडं थंड पाणी ओततो.

तुमच्या सहकारी बँकेकडं स्वतःचं असं तंत्रज्ञान फारसं नसतं. कोअर एका कंपनीचं, सर्व्हर दुसरीकडं, यूपीआय कुठल्यातरी मोठ्या बँकेच्या खांद्यावरनं. जुलै २०२४ च्या शेवटी अशाच एका पुरवठादारावर रॅन्समवेअर हल्ला (यंत्रणा कुलूपबंद करून खंडणी मागायची) झाला तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं त्याला जाळ्यातनं वेगळं काढलं आणि देशातल्या तीनशेच्या आसपास लहान बँकांचं यूपीआय आणि एटीएम लटकलं. त्या रात्री मी घरी गेलो नाही. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या सहकारी बँकेतनं दोनेक दिवसांत ९४ कोटी गेले होते, तेही एटीएमची मधली यंत्रणा फोडून. ग्राहकाला ॲपचा रंग दिसतो, आतलं भोक दिसत नाही.

दुसरं, पैसा. यूपीआयवर दुकानदाराकडनं कमिशन घ्यायचं जानेवारी २०२० पासून बंद आहे. म्हणजे आमच्या मिसळप्रेमी मित्रानं दिवसात वीस क्यूआर मारले तर बँकेला मिळणार शून्य आणि सर्व्हरवर भार वीसचा. शाखा बंद करून व्याज वाढवा म्हणणं सोपं आहे. सहकारी बँकांसाठी मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर एक छत्रसंस्था सुरू झालीय, तंत्रज्ञान वाटून घ्यायला. तिकडनं काय मिळतं ते आधी बघा, नाहीतर चाळीस लाखांचं ॲप बांधाल आणि बाराशे लोक उतरवून घेतील.

एक मात्र करा, फुकटात होईल. पैसे अडकले की 'तांत्रिक अडचण, पुन्हा प्रयत्न करा' हा जो मजकूर येतो ना, तो काढा. तो आम्ही लिहिलाय. लाज वाटते.

पंचगंगाकाठ

@सर्व्हर_डाऊन, त्या जागी काय लिहू? तुमच्या यंत्रणेला त्या क्षणी नेमकं काय माहीत असतं?

सर्व्हर_डाऊन

बऱ्याचदा एवढं माहीत असतं की पैसे तीनपैकी कुठं आहेत. तुमच्या खात्यात, वाटेत, किंवा समोरच्याकडं. पुढचं माहीत नसलं तरी घड्याळ ठरलेलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणं माणसानं माणसाला पाठवलेले यूपीआयचे पैसे समोर जमा झाले नाहीत तर पुढच्या दिवसापर्यंत परत यायला पाहिजेत, दुकानदाराचे पाच दिवसांत, एटीएममधनं न आलेले पाच दिवसांत. त्यापुढं रोजचे १०० रुपये, आणि ते ग्राहकानं न मागता.

मिसळ_कटजादा

आयला. माझे गेल्या वर्षी पेट्रोल पंपावरचे ४०० रुपये अकरा दिवस लटकलेले. म्हणजे सहाशे रुपये येणं हाय माझं??

निवृत्त_कॅशियर

आहे. बँकेला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार, १४४४८ वर फोन लावलात तर मराठीत सांगतील कशी करायची.

मिसळ_कटजादा

काका, तुमी आमच्या बँकेत पायजे हुता.

पंचगंगाकाठ

मंडळी, हा माझा पहिला पक्का स्क्रीन झाला. वर तीन ठिपके: तुमच्याकडं, वाटेत, पोचले. मधला ठिपका पिवळा. खाली: 'तुमचे ४०० रुपये वाटेत आहेत. बुधवारी रात्रीपर्यंत पोचतील नाहीतर परत येतील. उशीर झाला तर रोजचे १०० रुपये आम्ही तुमच्या खात्यावर घालू, तुम्ही काही करायचं नाही.' शेवटचं वाक्य लिहिताना मलाच धाकधूक झाली, संचालकांचं तोंड आठवून.

दुधाळी_गल्ली

सगळं वाचतोय. माझं अडलेलं लिहितो.

ऑगस्ट २०१९. आमच्या गल्लीत छातीभर पाणी. महामार्ग बंद. एक एटीएम पाण्यात, दुसऱ्यात रोकड नाही, तिसऱ्यापर्यंत जायला रस्ता नाही. फोनची बॅटरी गेली, मग रेंज गेली. खात्यावर पैसे होते आणि दुधाची पिशवी घेता येत नव्हती. किराणावाल्यानं वहीत लिहिलं, "पाणी उतरल्यावर द्या." त्याच महिन्यात गाडीचा हप्ता बाउन्स झाला, दंड लागला. तो माफ करून घ्यायला पुढं तीन चकरा, आणि पुरात बुडाल्याचा पुरावा म्हणून पंचनाम्याची प्रत मागितली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

किराणावाल्याला पुरावा लागला नव्हता. त्याला गल्ली माहीत होती. बँकेलाही माझा पत्ता माहीत आहे, पंचगंगेची पातळी रोज जाहीर होते. त्या गल्लीतल्या लोकांचा दंड आपोआप थांबवायला काय लागतं?

गुजरीतली_लेक

हे वाचून अंगावर काटा आला. आम्हीही होतो तेव्हा, वरच्या मजल्यावर.

माझं वेगळंच आहे. बाबा गेले तेव्हा आई नॉमिनी होती, कागद सगळे बरोबर. तरी बँकेनं पहिलं काय केलं असेल तर बाबांच्या फोनवर 'प्रिय ग्राहक, आपला वाढदिवस सुखाचा जावो' असा मेसेज पाठवला. दाखला देऊन तीन आठवडे झाले होते. क्लेमचे कागद पूर्ण असतील तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात हे मला नंतर कळलं. आमचे दोन महिने गेले. पण आईला तो उशीर आता आठवतही नाही. मेसेज आठवतो.

आता कायदा बदललाय, नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. करा सगळ्यांनी.

पंचगंगाकाठ

ताई, हे लिहून घेतलंय. जास्त काही बोलत नाही.

संपादक मंडळ

एका प्रतिसादातलं बँकेचं नाव आणि शाखाधिकाऱ्यांचा मोबाइल नंबर काढला आहे. वैयक्तिक तक्रारी नाव न घेता मांडाव्यात. धागा छान चाललाय, तसाच चालू द्या.

भाऊसाहेब_पेठकर

माझी झोप झाली. आता गंभीरपणे. तुम्ही सगळे शाखा हवी की ॲप हवं यावर भांडताय, पण शाखा नसलेली बँक ही काही मोबाइलमुळं निघालेली कल्पना नव्हे. इंग्लंडात ऑक्टोबर १९८९ मध्ये फर्स्ट डायरेक्ट नावाची बँक निघाली, एकही शाखा नाही, सगळं टेलिफोनवर, रात्रंदिवस. लोकांना ती आवडली कारण रात्री दोनला फोन केला तरी पलीकडं माणूस बोलायचा. आपल्याकडं फोन केला की 'हिंदीसाठी दोन दाबा'. मराठीसाठी कितीदा काय दाबावं लागतं ते सांगत नाही, संपादक मंडळ जागं आहे.

उद्यमनगर_लेथ

पुणेकराला मान्य करावं लागतंय. नोंद घ्या.

कपिलतीर्थ_भाजीवाली

मी लिहिते तशी इथं कमी, मुलगी टाइप करून देते.

आमच्या मंडईत पिग्मीवाले काका येतात संध्याकाळी साडेसहाला. मशीन गळ्यात. रोज शंभर देते. पावसात धंदा नसला की पन्नास देते, कधी हातानंच नको म्हणते. ते म्हणतात "उद्या बघू" आणि पुढच्या गाळ्यावर जातात. बोलून दाखवत नाहीत. मुलीनं मला त्याच बँकेचं ॲप घालून दिलं, त्यात रोजचा हप्ता लावला. एक दिवस खात्यात कमी होते तर लाल अक्षरात आलं 'तुमचा हप्ता चुकला'. मला वाटलं पोलीस येतात काय. काढून टाकलं ॲप.

काकांना माझ्या पोरीची फी कधी भरायची असते ते माहीत आहे. मे महिना आला की तेच विचारतात, "पिग्मी मोडायची का कर्ज काढायचं तिच्यावर?" मोडली तर व्याज जातं हे तेच सांगतात.

निवृत्त_कॅशियर

बाई, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा.

पिग्मीची गोष्ट अनेकांना माहीत नसेल. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेनं, पुढं तीच सिंडिकेट बँक झाली, दारोदार जाऊन दिवसाला दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. विणकर, मजूर असली माणसं. बँक त्यांच्या दारात गेली. आपल्या भागात ती पद्धत इतकी मुरली की पिग्मी हा मराठीच शब्द वाटतो. पुढं २००७ मध्ये केनियात एम-पेसा आलं. साधा फोन आणि कोपऱ्यावरचा दुकानदार, या दोघांवर उभं राहिलं ते. दुकानदाराकडं रोकड द्यायची, त्यानं फोनवर जमा करायची. आपल्याकडं तो कोपऱ्यावरचा माणूस आधीच गल्लोगल्ली फिरतोय आणि आपण त्याला ॲपनं हटवायला निघालोय.

त्याचा धोकाही सांगतो, मी बघितलाय. एजंटनं पैसे घेतले, खात्यावर भरलेच नाहीत, असं झालेलं आहे. म्हणून पावती मशीनमधनं त्याच वेळी, आणि मेसेज बँकेतनं थेट. एजंटच्या हाताखालनं जाणारा मेसेज उपयोगाचा नाही.

सर्व्हर_डाऊन

ते लाल अक्षर आमचंच. 'हप्ता चुकला' हा मजकूर कर्जाच्या साच्यातनं उचलून बचतीला चिकटवलेला असणार. शंभर टक्के.

मिसळ_कटजादा

मी शाखा बंद करा म्हणलेलो ते मागं घेत न्हाई, पण काकांना ठेवा.

बाकी आमच्या पप्पांनी सगळं पतसंस्थेत ठेवलंय, व्याज जास्त म्हणून. बँकेत काय मिळतंय?

निवृत्त_कॅशियर

बँकेत विमा मिळतो. फेब्रुवारी २०२० पासून दर बँकेत दर ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाखांपर्यंत. सहकारी बँकही त्यात आली. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. पप्पांना सांगा, आजच सांगा. सगळ्या पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही, पण फरक माहीत असावा.

धागाकर्ते, हिंमत असेल तर ठेवीच्या स्क्रीनवर हे दाखवा: 'तुमच्या ८ लाखांपैकी ५ लाखांना विमा आहे.'

पंचगंगाकाठ

काका, हे दाखवलं तर पुढच्या मीटिंगला बिस्किटं बंद होतील.

दाखवतो.

दुधाळी_गल्ली

मीटिंग झाली का?

पंचगंगाकाठ

काल झाली. थोडक्यात वृत्तांत.

'वाटेत' वाला स्क्रीन पसंत पडला, शंभर रुपयांच्या ओळीवर अर्धा तास गेला. एक संचालक म्हणाले, "कायद्यात आहे म्हणून द्यायलाच लागतं, पण लिहून कशाला दाखवायचं?" दुसरे, वयानं थोरले, आतापर्यंत गप्प होते, ते म्हणाले, "आपल्या वडलांनी बँक काढली तेव्हा सावकार काय लपवायचा हे त्यांना माहीत होतं." ओळ राहिली. पुराच्या दंडावर 'विचार करू'. विमा असलेली रक्कम दाखवायचं पुढच्या बैठकीवर ढकललं. पिग्मीवाल्यांचं मशीन आणि ॲप एकच खातं दाखवतील आणि न भरलेल्या दिवशी लाल काही येणार नाही, हे लगेच मंजूर, त्याला पैसे लागत नाहीत म्हणून असेल. उद्यमनगरवाल्यांसाठी, जुनी कागदं परत मागायची नाहीत, फक्त बदललेली मागायची, हे कर्ज विभागानं बघतो म्हणून सांगितलंय. (मेहुण्याचे फोटो थांबतील अशी आशा.) वाढदिवसाचा मेसेज सगळ्यांचाच बंद करायचा ठरला.

रंग कुठला, हा प्रश्न शेवटी आलाच.

पण खरं सांगायचंय ते वेगळं. मदतनिसाचा स्क्रीन कागदावर काढून आज सकाळी आत्तीकडं घेऊन गेलो. तिनं चष्मा लावला, कागद उजेडाला धरला, बोटानं वाचत गेली. 'मदतनीस निवडा' या ओळीवर थांबली. खाली मी नमुन्याला थोरल्याचं नाव घातलं होतं. सून आत भाकरी थापत होती. आत्तीनं तिकडं बघितलं, मग आवाज खाली आणून मला म्हणाली,

"हितं हिचं नाव घातलं तर त्याला कळंल काय?"

मी म्हणालो, नंबर त्याचाच आहे, मेसेज त्याला जाणार. तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मी रस्ताभर विचार करत आलो. काका, तुम्ही सांगा, काय करायचं?

निवृत्त_कॅशियर

खातं कुणाचं आहे?

पंचगंगाकाठ

आत्तीचं.

निवृत्त_कॅशियर

मग सहीचा नवा नमुना घ्यायला तिला परत शाखेत आणा. गर्दी नसते, बुधवारी दुपारी या. सत्तरीच्या पुढं असेल तर बँकेचा माणूस घरी येऊ शकतो का ते विचारा. नंबर तिचा लावा, साधा फोन का असेना.

आम्ही बाईचं पासबुक कधी नवऱ्याच्याही हातात दिलं नव्हतं.